एक संघ वाढला की सामने किती वाढतात? – फुटबॉल लीगवरून एक गणिताचा पाठ



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून तयार झाला आहे, म्हणून आधी ती चूक सांगते.

मी गणित शिकवते आणि खेळाच्या सरांना स्पर्धांच्या वेळी मदत करते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आंतरवर्गीय फुटबॉल स्पर्धा ठरली. सातवी, आठवी आणि नववीच्या अ व ब अशा सहा तुकड्या. प्रत्येक तुकडी प्रत्येकीशी एकदा खेळणार आणि पहिल्या दोघांत अंतिम सामना. १५ साखळी सामने आणि एक अंतिम, एकूण १६. मैदान एकच, त्यामुळे शाळा सुटल्यावर रोज एक सामना. तीन आठवडे आणि एक दिवस, की मुलांची स्पर्धा संपली. त्यानंतर मुलींच्या चार संघांचे ७ सामने. सगळं प्रथम सत्र परीक्षेच्या आत बसत होतं.

मग सातवी क आणि आठवी क ची मुलं आली. "बाई, आम्हाला पण घ्या ना!" त्यांचं म्हणणं रास्त होतं. कुणाला का वगळायचं? मी म्हटलं, "दोनच तर संघ वाढतायत, घेऊ या." कुणीतरी सुचवलं की संघ वाढलेच आहेत, तर पहिल्या चौघांची उपांत्य फेरी पण ठेवू. तेही मान्य केलं.

कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करायला हवा होता, तो मी केला नाही. गणिताच्या बाईंनीच केला नाही! आठ संघांचे साखळी सामने होतात २८. उपांत्य फेरीचे २ आणि अंतिम १ धरून ३१. संघ सहाचे आठ झाले, म्हणजे एक तृतीयांश वाढ. सामने मात्र १६ चे ३१, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यात पावसाने चार दिवस खाल्ले. परीक्षा आली आणि मुलांचे सामनेच कसेबसे उरकले. मुलींचे सामने आधी पुढे ढकलले आणि मग ढकललेलेच राहिले. त्यातली एक मुलगी मला फक्त एवढंच म्हणाली, "बाई, वाढवलं त्यांचं आणि कमी झालं आमचं." ते वाक्य अजून विसरले नाही.

म्हणून दरवर्षी सातवी-आठवीला मी हा पाठ घेते. स्पर्धा मोठी करायची म्हणजे नेमकं काय काय मोठं होतं आणि त्याचा भार कुणावर पडतो, हा या पाठाचा विषय. उदाहरण घेते आपल्याच देशातल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचं, म्हणजे इंडियन सुपर लीग अर्थात आयएसएलचं. गेल्या दहा-बारा वर्षांत या लीगमध्ये संघ वाढले, सामने वाढले, आणि प्लेऑफमध्ये जाणारे संघही वाढले. मुंबई आणि गोवा त्यात आहेत, पूर्वी पुणेही होतं, त्यामुळे मुलं लगेच रमतात.

पाठ थोडक्यात

इयत्ता: ७ वी व ८ वी. वेळ: दोन तासिका. साहित्य: फळा, वही, सहा खुर्च्या.
गणितातले घटक: गुणाकार, सम-विषम संख्या, अपूर्णांक व शेकडेवारी, माहितीचे वाचन.
त्यापलीकडचं उद्दिष्ट: निर्णय घेण्याआधी हिशोब मांडण्याची सवय.

सुरुवात: मुलांना अंदाज करू द्या

फळ्यावर लिहा: "२०१४ मध्ये आयएसएल ८ संघांनी सुरू झाली. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. साखळीत एकूण सामने किती?"

लगेच सूत्र देऊ नका. बहुतेक मुलं ८ × ८ = ६४ म्हणतात. मग विचारायचं, "मुंबई सिटीचा संघ स्वतःशीच खेळणार का?" वर्ग हसतो आणि उत्तर आपोआप दुरुस्त होतं. प्रत्येक संघाच्या घरच्या मैदानावर ७ पाहुणे येतात. अशी घरं ८. म्हणून ८ × ७ = ५६.

"बाई, निम्मे नाही करायचे का?" असं एखादं मूल विचारतंच. हस्तांदोलनाचं गणित त्याला आठवत असतं. त्याचं कौतुक करा आणि फरक स्पष्ट करा. हस्तांदोलन दोघांत एकदाच होतं, म्हणून तिथे निम्मे करायचे. इथे गोवा-मुंबई सामना एकदा मडगावच्या फातोर्डा मैदानावर होतो आणि एकदा मुंबईत. ते दोन वेगळे सामने आहेत, म्हणून निम्मे करायचे नाहीत. एकेरी साखळी असेल तर निम्मे, दुहेरी असेल तर पूर्ण. या पाठात नंतर हा फरक फार कामाला येणार आहे.

मुलांनी वहीत लिहायचं सूत्र:
दुहेरी साखळीतले सामने = संघ × (संघ − १)
एकेरी साखळीतले सामने = संघ × (संघ − १) ÷ २

कृती १: लीग कशी वाढत गेली

आता ही माहिती फळ्यावर लिहा. सामन्यांचा रकाना रिकामा ठेवा, तो मुलं भरतील. इथे तुमच्या सोयीसाठी उत्तरं देत आहे.

२०१४ – ८ संघ – ८ × ७ = ५६
२०१७-१८ – १० संघ (बेंगळुरू आणि जमशेदपूर आले) – १० × ९ = ९०
२०२०-२१ – ११ संघ (ईस्ट बंगाल आला) – ११ × १० = ११०
२०२३-२४ – १२ संघ (पंजाब आला) – १२ × ११ = १३२
२०२४-२५ – १३ संघ (मोहमेडन स्पोर्टिंग आला) – १३ × १२ = १५६

आता मुख्य प्रश्न. १२ चे १३ संघ झाले. एक संघ वाढला, सामने किती वाढले? १५६ − १३२ = २४. पाहुणा एक आणि सामने २४! असं का, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. नवा संघ जुन्या बाराही जणांशी दोन-दोनदा खेळतो, म्हणून १२ × २ = २४. यावरून पुढचंही सांगता येतं. १३ चे १४ झाले तर २६ सामने वाढतील. प्रत्येक नवा संघ आधीच्या संघापेक्षा दोन सामने जास्त घेऊन येतो.

इथे मी आमच्या शाळेच्या स्पर्धेची गोष्ट सांगते. "दोनच तर संघ" हे वाक्य कसं फसवं होतं, ते मुलांना आता माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

सामने वाढले की दिवसही लागतात. २०१४ चा पहिला हंगाम १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपला. २०२४-२५ चा हंगाम १३ सप्टेंबरला सुरू झाला आणि १२ एप्रिलला संपला. दहा आठवड्यांची स्पर्धा सात महिन्यांची झाली. मुलांना विचारा, हे चांगलं की वाईट? घाईने उत्तर देऊ नका. दहा आठवड्यांच्या लीगमध्ये खेळाडूला १४ साखळी सामने मिळत होते आणि वर्षाचे उरलेले महिने दुसरी स्पर्धा शोधावी लागत होती. १३ संघ झाल्यावर साखळीतच २४ सामने मिळाले. म्हणजे ही वाढ खेळाडूच्या हिताचीही होती. पण गुवाहाटीहून कोची, कोचीहून जमशेदपूर असा प्रवासही वाढला. फायदा आणि भार दोन्ही वहीत लिहायला सांगा, एकाच पानावर समोरासमोर.

कृती २: खुर्च्यांचा खेळ

हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो. सहा खुर्च्या समोरासमोर मांडा, तीन इकडे आणि तीन तिकडे. सहा मुलं बसवा. समोरासमोरच्या जोड्या म्हणजे पहिल्या फेरीचे सामने. आता एका मुलाला जागेवरच बसवून ठेवा आणि बाकीच्या पाच जणांना एकाच दिशेने एक-एक खुर्ची पुढे सरकवा. ही दुसरी फेरी. असं करत पाच फेऱ्यांत प्रत्येक जण प्रत्येकाच्या समोर बरोब्बर एकदा येतो. तपासून पाहा, दर वेळी जमतं.

आता एका मुलाला उठवा आणि ती खुर्ची रिकामी ठेवा. पाच संघ राहिले. खेळ तसाच चालवा. रिकाम्या खुर्चीसमोर जो येईल, त्याला त्या फेरीत विश्रांती. फेऱ्या किती लागल्या? पुन्हा पाचच!

मुलं इथे चक्रावतात. सहा संघांना पाच फेऱ्या आणि पाच संघांनाही पाच फेऱ्या? हो. संघांची संख्या विषम असली की प्रत्येक फेरीत एक संघ रिकामा बसतो, त्यामुळे फेरी वाया जात नाही, पण पूर्ण भरतही नाही.

आता हे लीगला लावा. १२ संघांची दुहेरी साखळी: ११ + ११ = २२ फेऱ्या. १३ संघांची: १३ + १३ = २६ फेऱ्या. १४ संघांची: १३ + १३ = २६ फेऱ्या. म्हणजे बाराचे तेरा केले की कागदावर चार फेऱ्या वाढतात, आणि तेराचे चौदा केले तर एकही वाढत नाही. सामने वाढतात, पण ते आधीच रिकाम्या असलेल्या जागेत बसतात. वेळापत्रक करणाऱ्याला विषम संख्या नकोशी का वाटते, ते मुलांना खुर्ची पाहून कळतं. ११ आणि १३ संघांच्या हंगामांत आयएसएलला हीच अडचण होती.

कृती ३: वरच्या किती जणांना संधी?

साखळी संपली की गुणतालिकेतले वरचे काही संघ प्लेऑफमध्ये म्हणजे बाद फेरीत जातात. आयएसएलमध्ये सुरुवातीपासून पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात होते. उपांत्य फेरी दोन-दोन सामन्यांची आणि अंतिम सामना एक, म्हणजे ५ सामने. २०२२-२३ पासून सहा संघांना संधी मिळू लागली. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा यांच्यात एक-एक सामना, आणि जिंकणारे दोघे उपांत्य फेरीत. म्हणजे २ + ४ + १ = ७ सामने.

आता अपूर्णांक. किती संघांपैकी किती जणांना संधी?
२०१४: ८ पैकी ४ = ५० टक्के
२०१७-१८: १० पैकी ४ = ४० टक्के
२०२०-२१: ११ पैकी ४ = सुमारे ३६ टक्के
२०२२-२३: ११ पैकी ६ = सुमारे ५५ टक्के
२०२३-२४: १२ पैकी ६ = ५० टक्के
२०२४-२५: १३ पैकी ६ = सुमारे ४६ टक्के

नुसतं "चाराचे सहा केले" असं ऐकलं की वाटतं, दर्जा सैल केला. टक्केवारी पाहिली की दिसतं, संघ वाढत गेल्यामुळे संधी आक्रसत चालली होती आणि या बदलाने ती पुन्हा निम्म्याच्या आसपास आली. दोन्ही म्हणणी खरी आहेत. संख्या एकच, पण कशाशी तुलना करतो त्यावर तिचा अर्थ बदलतो. शेकडेवारी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

बदलाचा परिणाम खऱ्या सामन्यातही दाखवता येतो. २०२२-२३ मध्ये बेंगळुरू चौथा आणि केरला ब्लास्टर्स पाचवा होता. जुन्या नियमाने बेंगळुरू थेट उपांत्य फेरीत गेला असता आणि केरला घरी. नव्या नियमामुळे दोघे समोरासमोर आले. जादा वेळेत सुनील छेत्रीने पटकन घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला, तो अमान्य करावा म्हणून केरलाचा संघ मैदान सोडून गेला आणि सामना बेंगळुरूला बहाल झाला. देशभर चर्चा झालेला हा सामना वाढीव प्लेऑफशिवाय झालाच नसता.

पहिला आला, पण विजेता झाला का?

पुढची यादी वाचून दाखवा. आधी साखळीत पहिला आलेला संघ, नंतर चषक जिंकणारा संघ.

२०१४ – चेन्नईयिन – अ‍ॅटलेटिको दे कोलकाता
२०१५ – गोवा – चेन्नईयिन
२०१६ – मुंबई सिटी – अ‍ॅटलेटिको दे कोलकाता
२०१७-१८ – बेंगळुरू – चेन्नईयिन
२०१८-१९ – बेंगळुरू – बेंगळुरू
२०१९-२० – गोवा – एटीके
२०२०-२१ – मुंबई सिटी – मुंबई सिटी
२०२१-२२ – जमशेदपूर – हैदराबाद
२०२२-२३ – मुंबई सिटी – एटीके मोहन बागान
२०२३-२४ – मोहन बागान – मुंबई सिटी
२०२४-२५ – मोहन बागान – मोहन बागान

११ हंगामांत फक्त ३ वेळा पहिला आलेला संघच विजेता ठरला. म्हणजे सुमारे २७ टक्के. २०१५ मध्ये गोवा साखळीत पहिला आला आणि अंतिम सामना फातोर्ड्याच्या आपल्याच मैदानावर चेन्नईयिनकडून २-३ असा हरला. दुसऱ्या वर्षी मुंबई पहिली आली आणि चषक चौथ्या क्रमांकाच्या कोलकात्याने नेला.

इथे मुलांचे हमखास दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "वर्षभर पहिला येणारा खरा हुशार. एका पेपरवर कसं ठरवता?" दुसरा म्हणतो, "शेवटी दबावाखाली जो टिकतो तोच खरा." मी मध्ये पडत नाही. फक्त एक माहिती देते. २०१९-२० पासून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला वेगळी शील्ड मिळू लागली. पहिली शील्ड गोव्याने जिंकली, आणि त्या जोरावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. म्हणजे आयोजकांनाही हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी दोघांचाही मान ठेवायचा मार्ग काढला.

एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, "सहा संघांचे प्लेऑफ आल्यावर पहिल्याची शक्यता वाढली की कमी झाली?" आधीच्या ८ हंगामांत २ वेळा आणि नंतरच्या ३ हंगामांत १ वेळा. यावरून काही म्हणता येईल का? नाही. तीन हंगाम फार थोडे आहेत. "माहिती पुरेशी नाही" हेही गणितातलं एक योग्य उत्तर आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

टाकीचं गणित: येणारे आणि जाणारे

टाकीचं उदाहरण सगळ्यांनी सोडवलेलं असतं. एक नळ पाणी आणतो, दुसरा सोडतो. लीगचंही तसंच. पंजाबने २०२२-२३ ची आय-लीग जिंकली आणि पुढच्या हंगामात आयएसएलमध्ये जागा मिळवली. मोहमेडन स्पोर्टिंगने २०२३-२४ ची जिंकली आणि तोही वर आला. पैसे भरून नव्हे, खेळून मिळवलेली ही जागा होती. पण खाली जाण्याची वाट उघडली नव्हती. २०२३-२४ मध्ये हैदराबाद सगळ्यात शेवटी राहिला, तरी पुढच्या वर्षी तो आयएसएलमध्येच खेळला. आणणारा नळ चालू आणि सोडणारा बंद, मग पातळी वाढणारच: ११, १२, १३.

कधी कधी संख्या तीच राहते आणि तरी काहीतरी हरवतं. पहिल्या आठ संघांत पुणे होतं. बालेवाडीच्या मैदानावर सामने व्हायचे. २०१९ मध्ये तो क्लब आर्थिक अडचणीत बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. २०२५ मध्ये ती जागा हैदराबादहून दिल्लीला गेली. फळ्यावर २०१८-१९ ला १० संघ आणि २०१९-२० लाही १० संघ. रकान्यात काहीच बदल नाही! पण पुण्यातल्या ज्या मुलाने आपल्या संघाचा शर्ट घेतला होता, त्याला विचारा. आकडा सारखा राहिला म्हणजे सगळं सारखं राहिलं असं नाही, हे मुलांना याच उदाहरणातून पटतं.

जेव्हा दिवसच कमी पडले

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण.

लीग चालवण्याचे हक्क ज्या करारावर होते, तो भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी केला होता. त्याची मुदत डिसेंबर २०२५ ला संपत होती. पुढचं ठरलं नव्हतं, म्हणून जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी नवा हंगाम थांबवून ठेवला. सप्टेंबरमध्ये सुरू होणारी लीग सुरूच झाली नाही. काही क्लबांनी पगार थांबवले. नव्या निविदेला कुणी बोली लावली नाही. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं: लीग १४ फेब्रुवारीपासून, १४ क्लब, ९१ सामने. चौदावा क्लब वाराणसीचा इंटर काशी. त्याचं आय-लीगचं विजेतेपद क्रीडा लवादाच्या निर्णयाने नक्की झालं होतं. आधी ते गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला मिळालं होतं.

मुलांना एवढंच विचारा: "हा ९१ आकडा कुठून आला?" ज्यांनी पाठ नीट ऐकला आहे, ती मुलं वहीकडे न बघता सांगतील. १४ × १३ = १८२ आणि त्याचे निम्मे ९१. म्हणजे दुहेरी साखळीची एकेरी झाली. हस्तांदोलनाचं सूत्र इथे परत आलं.

आता भार कुणावर पडला ते शोधायला सांगा. संघ १३ चे १४ झाले, म्हणजे वाढले. पण प्रत्येक संघाचे साखळी सामने २४ वरून १३ वर आले. १३ ही विषम संख्या, त्यामुळे घरचे आणि बाहेरचे सामने सारखे होऊच शकत नाहीत. कुणाला सात घरी, कुणाला सहा. गोव्याच्या प्रेक्षकांना मुंबईविरुद्धचा सामना घरी पाहायला मिळेल किंवा मिळणार नाही, दोन्ही नाही. आणि सामने निम्मे झाले की सगळ्यात आधी कुणाची संधी जाते? संघातल्या मुख्य अकरा जणांची नाही. बाकावर बसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या नव्या मुलाची. संघ किती आहेत यापेक्षा प्रत्येकाला किती खेळायला मिळतं, हा प्रश्न म्हणूनच मोठा आहे.

चर्चा: तुम्ही आयोजक असता तर?

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी पाच गट करा: लहान शहरातला नवा क्लब, जुना मोठा क्लब, खेळाडू, प्रेक्षक आणि वेळापत्रक करणारे. प्रश्न एकच: "लीगमध्ये १६ संघ घ्यावेत का?" अट एकच: आकडा मांडल्याशिवाय मत मांडायचं नाही. १६ × १५ = २४० सामने, प्रत्येकाला ३०, फेऱ्या ३०. "छान वाटेल" असं नुसतं म्हणणाऱ्याला खाली बसवा. माझ्या अनुभवात, नेहमी गप्प बसणारी मुलं या चर्चेत बोलतात, कारण हातात आकडा असला की धीर येतो.

मग मी त्यांना आमच्या शाळेच्या स्पर्धेचा प्रश्न देते. आठ संघ, मैदान एक, मुलींचे चार संघ, आणि २५ दिवस. बसवून दाखवा. गेल्या वर्षी आठवीच्या मुलांनी काढलेलं उत्तर असं: आठ संघांचे चार-चारचे दोन गट. प्रत्येक गटात ६ सामने, म्हणजे १२. दोन उपांत्य, एक अंतिम, एकूण १५. मुलींचे ६ आणि एक अंतिम, म्हणजे ७. एकूण २२ दिवस, आणि पावसासाठी ३ दिवस शिल्लक. "पण यात प्रत्येक संघाला सातऐवजी तीनच साखळी सामने मिळतात," हा तोटाही त्यांनीच लिहिला. आणि वेळापत्रकात मुलींचे सामने शेवटी न ठेवता एक दिवस आड पेरले. ते मी सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी सगळे सामने झाले. मुलींच्या अंतिम सामन्याला मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा नव्हती.

सरावासाठी प्रश्न

१. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ दुहेरी साखळी खेळतात. एकूण सामने किती?
२. २०२०-२१ ला आयएसएलचे साखळी आणि प्लेऑफ मिळून सगळे सामने गोव्यातल्या तीन मैदानांवर झाले. संघ ११, प्लेऑफमध्ये ४. एकूण सामने किती?
३. १३ संघ आणि सहा संघांचे प्लेऑफ असताना २०२४-२५ मध्ये एकूण सामने किती झाले?
४. ९ संघांच्या एकेरी साखळीला किती फेऱ्या लागतील? १० संघांना किती?
५. २०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ, चार-चारचे १२ गट. गटातले सामने एकेरी. त्यानंतर ३२ संघ बाद फेरीत आणि तिसऱ्या क्रमांकासाठी एक सामना. एकूण सामने किती? (सूचना: बाद फेरीत प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर पडतो.)

उत्तरे: १) ३८०. २) ११० + ५ = ११५. ३) १५६ + ७ = १६३. ४) दोन्हींना ९. ५) १२ × ६ = ७२, अधिक ३१, अधिक १, एकूण १०४.

पालकांसाठी दोन शब्द

हा पाठ घरीही घेता येतो. मुलाच्या आठवड्याचं वेळापत्रक एका कागदावर लिहा. "एकच तर क्लास वाढवतोय" असं म्हणताना त्यासोबत येणं-जाणं, गृहपाठ आणि चाचण्या किती वाढतात, ते मुलालाच मोजायला सांगा. आणि शेवटी विचारा, यातून काय कमी होणार आहे? बहुधा उत्तर असतं झोप किंवा खेळ. वाढवू नका असं माझं म्हणणं नाही. वाढवा, पण कमी काय होणार ते आधी लिहून ठेवा.

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काढलेली वेळापत्रकं जरूर कळवा. खुर्च्यांचा खेळ मात्र चुकवू नका.